कानबाईचा डोळा आणि सुलेशनचा डबा

नवागामच्या आमच्या खोलीत दोन सवती नांदत होत्या. एक रॉकेलच्या स्टोची शेगडी आणि दुसरी सुलेशनची, म्हणजे चिकटवायच्या रबरी डिंकाची, बरणी. बरणी कसली, पत्र्याचा चांगला पाच किलोचा डबाच होता तो. एक आत आली की दुसरीनं दाराबाहेरच्या ओट्यावर जायचं, हा आबांचा कायदा. दोघी एका छताखाली क्षणभरही दिसता कामा नयेत. त्यामुळे आमचा स्टो दिवसातून चार वेळा घर सोडायचा आणि चार वेळा परत यायचा. माय म्हणायची, माझं लग्न होऊन मी माहेरी इतक्या वेळा गेले नाही जितक्या वेळा हा स्टो ओट्यावर गेला. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. आबा सुरतेला लूमवर आले, मागून माय आली, फुई म्हणजे आबांची विधवा बहीण आली, आणि मी इथेच जन्मले. मोठ्या भावाचं लग्न झालं तशी सुमनवहिनी आली. सहा माणसं आणि एक डबा, खोली एकच.

डबा आमच्याकडे आणला हसुबेननी. ही बाई गल्लीच्या टोकाच्या सोसायटीत राहायची आणि बाजारातून साड्यांचे गठ्ठे आणून बायकांना घरी काम द्यायची. छापील साडीच्या फुला-पानांवर प्लास्टिकच्या कोनातून सुलेशनचा एकेक ठिपका सोडायचा आणि त्यावर मेणाच्या काडीनं चमकती टिकी उचलून बसवायची. मेंदी काढतात तसंच, फक्त या मेंदीनं डोकं दुखायचं. सुलेशन मधासारखं पिवळं, आणि त्याचा वास असा, की भिंतीवरच्या पाली गुंगून पटापट खाली पडायच्या आणि माय त्या सुपात भरून बाहेर टाकायची. पाच-पंचवीस तरी पडत असतील. बरं, तीन. एक तर मी स्वतः पाहिली आहे. जेवणालाही तोच वास. कळण्याची भाकरी, ठेचा, काळ्या मसाल्याची आमटी, सगळ्याच्या मागून सुलेशन हळूच जिभेवर यायचं. लहानपणी मी गावी काकांकडे जेवले तेव्हा आमटीत काहीतरी कमी आहे म्हणून काकूशी भांडले होते. नंतर कळलं, काय कमी होतं ते. दिवसभर पलीकडच्या कारखान्यांतल्या लूमची खटाखट चालू, आणि त्या तालावर माय, वहिनी आणि मी टिक्या लावत बसायचो. मी नवागामात सगळ्यात भरभर टिक्या लावणारी. हे मी म्हणत नाही, हसुबेन म्हणायच्या. मी एकटी असताना म्हणायच्या, साक्षीदार नाही, पण म्हणायच्या.

आबा तसे कोणाला न घाबरणारे. शेठला घाबरले नाहीत, पोलिसाला घाबरले नाहीत, फुईला मात्र घाबरायचे, पण तिला तर सगळी गल्ली घाबरायची. आणि या डब्याला घाबरायचे. त्यांच्या लूमशेजारी चपला बनवायचं एक खातं, म्हणजे छोटा कारखाना, होता. तिथे सुलेशनचे डबे उघडे असायचे. एकानं खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, डब्यांपासून लांब बसून बिडी पेटवली. पुढचं आबांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. एवढंच झालं, की त्या दिवसानंतर त्यांनी वांग्याचं भरीत खाल्लं नाही. ज्या माणसानं भरितासाठी एकदा सासुरवाडीत पंगतीतून उठून दुसऱ्या पंगतीत पान मांडलं होतं, तो माणूस वांगं भाजायला ठेवलं की ओट्यावरून उठून रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. आम्ही मग घरात वांगं भाजणंच बंद केलं.

एका रविवारी त्यांनी आम्हा सगळ्या बायकांना मागच्या मोकळ्या जागेत उभं केलं. समोर एक फुटकं कौल, कौलावर चार ठिपके. एक खळीचा, जी माय पतंगाला आणि पुस्तकांना लावायची, गव्हाच्या पिठाची. एक पांढऱ्या डिंकाचा, सुतार वापरतात त्या. एक पिवळ्या सुलेशनचा. आणि एक त्या इवल्याशा ट्यूबचा, जिला आम्ही फटाफट म्हणायचो, बोटं चिकटवणारी. आबांनी लांब काडीच्या टोकाला चिंधी बांधून ती पेटवली. खळ भाकरीसारखी करपली. पांढरा डिंक बुडबुडे सोडत रुसून बसला, काळा पडला, पेटायला काही तयार होईना. फटाफटचा ठिपका सुकून काच झाला होता, तो नुसता वितळला आणि नाक झोंबणारा धूर सोडून गप्प बसला. मग आबांनी काडी सुलेशनकडे नेली. नेली म्हणजे काय, अजून वीतभर लांब होती, तोवर ज्वाळाच काडीला भेटायला उठली. वहिनी किंचाळली. आबा म्हणाले, "देखा? आपण त्यानाकडे जावानी गरज नही. तो आपलाकडे येस." मग खाली वाकून त्यांनी जमिनीवरून हात फिरवून दाखवला. "यानी वाफ वर जास नही. सापसारखी भुईवरथून सरपटत जास, आणि दिवा कथा शे ते हुडकस." त्या रात्रीपासून मी पाय वर घेऊन झोपायला लागले. डब्याचं झाकण घट्ट असलं तरी मला ती वाफ दिसायची. पिवळी, आंधळी, कोपऱ्याकोपऱ्याला हुंगत चाललेली.

आबांच्या त्या परीक्षेत एक चूक होती. फटाफटला त्यांनी निर्दोष सोडून दिलं. कौलावरचा निकाल त्यांनी सगळ्या जगाला लावला.

आता मी सुरतेतच कोसाडला मुलाकडे राहते. परवाच आमची नात जिया पलंगावर मांडी घालून बोटांना ती लांब नकली नखं चिकटवत बसली होती. तीच इवलीशी ट्यूब, आणि बाजूला कापसाचे बोळे. मी अशी ओरडले, की खालच्या मजल्यावरची बाई वर आली. जिया म्हणाली, "दादी, ड्रामा मत करो ना." मी तिच्यासमोर कापसाचा बोळा बशीत ठेवून त्यावर ट्यूब पिळली नाही. पिळता आली असती. पण हिंमत झाली नाही, आणि का झाली नाही ते सांगायला हे प्रकरण लिहावं लागतंय.

तर कानबाई. खानदेशी माणसाला ती सांगावी लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती येते. कलशावर नारळ, तोच नारळ वर्षानुवर्षं जपून ठेवलेला, त्याला चांदीचे डोळे, नथ, अंगावर खण. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, घरच्या पुरुषमाणसांच्या हिशेबानं दळलेल्या गव्हाचे रोट, आणि दिवा. दिवा विझता कामा नये. सोमवारी तापीवर वाजतगाजत निरोप देईपर्यंत तो जळलाच पाहिजे. घरात सुलेशन आल्यावर पहिल्याच श्रावणात आबांचा कायदा आणि फुईची कानबाई समोरासमोर आले. दिवा ओट्यावर न्यायचा नाही, डबा हसुबेनकडे परत धाडला तर काम दुसरीकडे जाणार. आबांनी तोड काढली. वाफ भुईवरून जाते ना, मग देवी उंच बसवायची. धान्याची पत्र्याची कोठी, तिच्यावर पाट, पाटावर चौरंग. आमची कानबाई सुरतेतली सगळ्यात उंच कानबाई होती. दर्शनाला आलेल्या बायकांच्या माना अवघडायच्या आणि पंख्याचं पातं देवीच्या नाकासमोरून फिरायचं म्हणून पंखा बंद. फुई दरवर्षी म्हणायची, "मन्ही देवीले शिडी लागस! गावमा सांगू कशी?" पण भावाच्या त्या भरिताच्या भीतीपुढे तीही गप्प बसायची.

फुईचं आणि माझं मात्र जमत नव्हतं. कारण माझी जीभ. मला खरी गोष्ट जशीच्या तशी सांगता यायची नाही, अजूनही येत नाही. घोरपड दिसली की मगर सांगायचे. एकदा तापीला पूर येतोय असं सांगून मी अर्धी गल्ली गच्चीवर चढवली होती, त्यात दुखऱ्या गुडघ्यांची फुईही. तेव्हापासून ती मला पाहिलं की म्हणायची, "मंगे, खोटं बोलताना तुन्ही जीभ कशी झडत नही व?" मायनं माझ्याशी तह केला होता. दिवसाचं एक खोटं माफ. दुसरं बोललीस तर जेवण नाही. मी ते एक खोटं शक्यतो संध्याकाळसाठी राखून ठेवायचे.

ज्या वर्षाचं सांगते त्या वर्षी मी सोळाची होते आणि वहिनीला सातवा महिना होता. घराला पहिलं नातवंड येणार. कानबाईच्या रविवारी आबा आणि दादा पाळीवर, संध्याकाळी येणार होते. आणि हसुबेनचा टेंपो सोमवारी पहाटे निघणार होता, पाच साड्या राहिल्या होत्या. देवी बसवायच्या दिवशी सुलेशन उघडायचं नाही असा रिवाज होता, पण वहिनी म्हणाली, दारापाशी बसते, बायका यायच्या आत उरकते. झालेल्या साड्या दोरीवर वाळत घातल्या होत्या, पडद्यासारख्या. पश्चिमेकडून बारीक झड येत होती म्हणून मायनं एकुलती खिडकी लावून घेतली. दार निम्मं साड्यांनी झाकलेलं. वहिनी ढोपरांवर पोट सांभाळत टिक्या लावते आहे, तिच्या मांडीशी डबा उघडा, स्टो ओट्यावर, मायचं पुरण ओट्यावर, आणि वर कोठीवर फुईनं लावलेला दिवा शांत जळतो आहे. रिवाज मोडला, पण बाकी सगळं कायद्याप्रमाणे.

फुईनं मला नारळ काढायला सांगितला. तो पेटीत कापसात गुंडाळून ठेवलेला असायचा. मी पेटी उघडली, नारळ काढला, आणि माझ्या हातावर त्या वेळी कोनातून गळलेलं सुलेशन होतं की पुरणाचं तूप ते देव जाणे, नारळ निसटला. फार उंचावरून नाही. पण कानबाईचा डावा डोळा टणकन उडाला आणि पेटीच्या तळाशी जाऊन पडला. मी तिच्याकडे पाहिलं. ती एका डोळ्यानं माझ्याकडे पाहत होती. सातव्या महिन्याची बाई घरात आणि देवी काणी!

डोळा मेणानं बसवायचा असतो. मेण कढवायला ओट्यावर स्टोकडे जावं लागलं असतं आणि तिथे माय होती. माझ्या टिक्यांच्या डब्यात फटाफट होती. मी वाळत्या साड्यांच्या आड, कोपऱ्यात बसले. नारळ घरंगळू नये म्हणून खाली कापसाचं घरटं केलं, सगळा पेटीतला कापूस, शिवाय वातींसाठी पिंजून ठेवलेला. ट्यूबचं तोंड गच्च सुकलेलं. मी दाबली, काही नाही. पुन्हा दाबली, काही नाही. पडद्याबाहेरून फुई ओरडली, "मंगे, नारळ आनस का शेतमा पेरस?" मी दोन्ही अंगठ्यांनी जीव खाऊन दाबली आणि ट्यूब मागून फाटली. थोडं डोळ्याखाली गेलं, तेवढं पुरलं, डोळा असा बसला की सोनारानं पाहून शिकावं. बाकी सगळं माझ्या बोटांवरून ओघळून कापसात. कापूस नारळाला चिकटला, माझ्या बोटांना चिकटला. ओढायला जावं तर सुटेना. तेवढ्यात फुईची सावली साडीवर पडली. मी नारळाला कापसासकट खण गुंडाळला आणि बाहेर आले. गल्लीतल्या सात-आठ बायका आत आल्या होत्या, हसुबेनही आपल्या साड्या बघायला आल्या होत्या. वहिनीनं काम तसंच सोडून डबा साडीखाली सरकवला होता. झाकण न लावता. मी ते पाहिलं. पण माझ्या हातात देवी होती, आणि हात भाजत होता.

खरंच भाजत होता. खणाच्या आतून नारळ तापत होता. आधी कोमट, मग कढत, जसा काही आत कोणी निखारा ठेवला. मला वाटलं, झालं. कानबाई चिडली. डोळा फोडलास, वर चोरून चिकटवलास, आता बघ. मी स्टुलावर चढून कलशावर नारळ ठेवला आणि हात मागे घेतला, तर बोटांच्या टोकांना चिकटलेल्या कापसातून बारीक धूर निघत होता. बोटं पोळून निघत होती. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. बोटांवर देवी कशाला चिडेल? बोटांवर आणि नारळावर एकच गोष्ट सारखी होती, फटाफट आणि कापूस. कौलावर जी शहाण्यासारखी गप्प बसली होती तीच कापसाला भेटली की तापत होती. मी पाठीमागे बोटं चोळत खाली उतरले, आणि वर खणाच्या घड्यांतून पांढरा धूर निघाला.

फुईनं तो सगळ्यांत आधी पाहिला. "धुपनी!" तिचा आवाज असा फुटला की लूम थांबले असतील. "कानबाई धुपनी! नारळमाईन धूर निंघी राह्यना! माय व, साक्षात उनी!" बायका एकदम गुडघ्यावर. कोणी रडायला लागली, कोणी गाणं सुरू केलं. हसुबेन साडीचा पदर डोक्यावर ओढून म्हणाल्या, "हाय हाय, माताजी आव्यां!" आणि फुईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतक्या वर्षांची शिडीवरची देवी, आज तिनं हाक दिली होती. फुई म्हणाली, "आते ती वर कशी बसी? तिले खाले ल्या. पाय लागू द्या तिना." स्टुलावर चढून तिनं नारळ छातीशी धरून उतरवला आणि जमिनीवर मांडलेल्या दुसऱ्या पाटावर ठेवला. दुसरीनं दिवा उतरवला. पाटाशेजारी, भुईवर. तिसरी आरतीचं ताट पुढे करून विचारत होती, कापूर कुठे आहे, काडेपेटी कुठे आहे. पाटापासून साडीच्या पडद्याखालचा उघडा डबा चार हातांवर असेल.

मला ती वाफ दिसली. सांगते ना, मला ती नेहमीच दिसायची, पण त्या दिवशी ती बायकांच्या गुडघ्यांमधून, लुगड्यांच्या काठांखालून दिव्याकडे चालली होती. वहिनी पोटावर हात ठेवून पाटापाशी सगळ्यात पुढे बसली होती, कारण फुईनंच तिला पुढे ओढलं होतं, देवीचा धूर लेकराला लागावा म्हणून.

मी ओरडले. खरं ओरडले. "फुई, तो धूर ट्यूबना शे! मी डोळा पाडा, मीच चिकटाडा! दिवा वर घ्या, डबा उघडा शे!"

कोणी मागे वळूनही पाहिलं नाही. फुईनं पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जो राग होता तो मी आयुष्यात पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. "देवीसमोर बी खोटं बोलस? आजना दिवस बी?" एक बाई म्हणाली, "पूर उना का व मंगे परत?" आणि त्या रडण्यातसुद्धा दोघी-तिघी हसल्या. मी वहिनीचा हात धरून ओढला, तिनं तो सोडवून घेतला. मी माझी बोटं दाखवली. मायनं ओट्यावरून आत येऊन माझ्या बोटांकडे पाहिलं, कापूस चिकटलेल्या, लाल झालेल्या. काडेपेटी सापडली होती. ती फुईच्या हातात होती.

तेव्हा मी केस सोडले.

कसं सुचलं ते विचारू नका. अंगात आलेल्या बायका मी पाहिल्या होत्या, नक्कल करून मैत्रिणींना हसवलंही होतं. पण त्या दिवशी माझे दात खरंच वाजत होते आणि अंग खरंच कापत होतं, त्याला नक्कल लागली नाही. मी दोन्ही हात वर केले, गोल गिरकी घेतली आणि पोटातून आवाज काढला, "काडी खाले ठेव!"

फुईचा हात जागच्या जागी थांबला.

"माले हाऊ कोंडवाडामा काबर कोंडं? माले भाईर ल्ही चला! मोकळा आभाळखाले! समदा जण भाईर! पहिले ती गरभार पोर!"

क्षणभर कोणी हललं नाही. त्या क्षणात मला दिव्याची ज्योत दिसत होती, ती बाजूला झुकल्यासारखी वाटली, आणि मी मनात म्हणत होते, आता, आता, आता. मग माय पुढे आली. तिनं हात जोडले आणि फुईपेक्षा मोठ्यानं म्हणाली, "ऐका! देवी बोली राह्यनी! चला भाईर!" आणि वहिनीला काखेत हात घालून उचललं. माय सरकल्याबरोबर धरण फुटावं तशा सगळ्या सुटल्या. फुईनं नारळ उचलला. कोणीतरी दिवा उचलायला वाकली, मी किंचाळले, "दिवा ऱ्हाऊ दे!" कारण उचलताना तो कलंडला असता. साड्यांच्या पडद्यातून वाट काढत, एकमेकींच्या पायांवर पाय देत आम्ही गल्लीत आलो.

आणि काहीच झालं नाही.

बारीक झड अंगावर पडत होती. फुई नारळ छातीशी धरून उभी. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, देवी आता पुढे काय सांगते म्हणून. मी घुमत होते, केस तोंडावर, आणि केसांच्या आडून दाराकडे बघत होते. दाराच्या आत अंधार आणि भुईवर एक पिवळा ठिपका, दिवा. मला वाटलं, वाफ नव्हतीच. मी नेहमीप्रमाणे घोरपडीची मगर केली. देवाची शपथ, त्या घटकेला मला काय हवं होतं ते मला आजही सांगता येत नाही. पेटलं तर घर जाणार, नाही पेटलं तर मी देवीचं सोंग घेतलेली पोर, आणि त्याला गल्लीत माफी नाही.

तेवढ्यात वहिनी स्वतःशीच पुटपुटली, "डबा उघडाच ऱ्हायना." आणि दाराकडे चालू लागली. झाकण लावायला. आबांनी आम्हाला शिकवलं होतं, काहीही होवो, पहिलं झाकण. ती शिकलेली पोर होती, आबांची सगळ्यात लाडकी शिष्या. तिचं एक पाऊल उंबऱ्यावर पडलं. मी घुमणं सोडलं, देवी सोडली, धावले आणि तिची वेणी धरून मागे खेचलं. दोघी ओट्याच्या पायरीशी आदळलो, ती माझ्यावर, पोट वर.

मग आवाज आला. स्फोट वगैरे नाही. मी आयुष्यात प्रत्येक गोष्ट वाढवून सांगितली, ही वाढवता येत नाही. कोणीतरी मोठी सतरंजी झटकावी तसा, भप्प. निळी ज्वाळा भुईभर पसरली, गुडघ्याएवढी, एकसारखी, पाण्यासारखी. क्षणभर खोलीत निळं पाणी भरल्यासारखं दिसलं. मग ती दोरीवरच्या साड्यांना लागली आणि पिवळी झाली, आणि टिक्या फुटाण्यासारख्या तडतडायला लागल्या.

माणसं धावली, वाळू आली, पाणी आलं. मायनं ओट्यावरचा स्टो स्वतः उचलून रस्त्यात नेला, पुरणासकट. अर्ध्या तासात आग विझली. कोठी काळी, भिंती काळ्या, साड्यांचे वितळून काळे गोळे, आणि पाट जिथे होता तिथे, जिथे आठ बायका गुडघ्यावर बसल्या होत्या, फरशी तडकली होती. वहिनीला खरचटलं होतं, बाकी काही नाही. हसुबेन त्या गोळ्यांकडे पाहत उकिडव्या बसल्या आणि म्हणत राहिल्या, "अमे तो अंदर हता. अमे तो बधां अंदर हता." आम्ही तर सगळ्या आतच होतो म्हणे.

मी पायरीवर बसले होते. केस तसेच. मला कोणाला तरी सांगायचं होतं. ट्यूब, कापूस, डोळा, सगळं, सरळ, एकही शब्द न वाढवता. मी तोंड उघडलं, आणि समोर फुई उभी राहिली. ती गुडघे दुखत असताना खाली बसली. माझ्या पायांवर डोकं ठेवलं. तिचे पिकलेले केस माझ्या पावलांवर पसरले, आणि ती हुंदके देत म्हणाली, "माय, चुकनू. माफ कर." तिच्या मागे दुसरी बाई, तिच्या मागे तिसरी. बघता बघता रांग लागली. आग बघताना मला जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी त्या रांगेची वाटली. मी आजवर इतकं खोटं बोलले होते आणि एकदाही कोणी पुरता विश्वास ठेवला नव्हता, पुराच्या दिवशीही अर्ध्याच गल्लीनं ठेवला. विश्वास म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हतं. तो असा पायांवर येऊन पडतो आणि मग पाय हलवता येत नाहीत. फुईला मी आता काय सांगू, की तुझी देवी धुपली नव्हती? की तू जे रडलीस ते एका फाटक्या ट्यूबसाठी? माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला कळलं, आता मी सगळं ओकणार.

तेव्हा रांग मोडून माय पुढे आली. तिचे हात काजळीनं माखलेले होते. सगळ्या गल्लीदेखत ती माझ्यासमोर वाकली, माझी आई, आणि माझ्या पायांवर कपाळ टेकवलं. बायका गहिवरल्या. पदर पसरून तिनं माझी पावलं झाकली, माझे पोळलेले, कापूस चिकटलेले हातही त्याच पदराखाली ओढून घेतले, कोणाला दिसणार नाहीत असे. आणि पदराच्या आत माझ्या अंगठ्याला असा चिमटा काढला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"रडू नको," ती माझ्या पायांशी तोंड ठेवून, मला एकटीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. "देवी रडत नही."